शरण आलेला जयराज

वीरधवल साखर कारखान्यात कायम झाला त्या दिवशी त्याने पेढ्यांचा पहिला पुडा काकीच्या घरी आणला. बनुबाई तेव्हा साडीला फॉल लावत बसली होती. तिने सुई साडीतच टोचून ठेवली, एक पेढा देवापुढे ठेवला, दुसरा पुतण्याच्याच तोंडात घातला आणि म्हणाली, "चांगलं झालं बाबा. आता सुधार."

"सुधारलोय म्हनून तर दिली की नोकरी," वीरधवल पेढा चघळत म्हणाला. "ती इस्कीमच हाय सुधारलेल्यांसाठी."

तो गेला आणि बनुबाईला साडीतली सुई सापडेना. सापडली तेव्हा बोटात घुसली होती.

तिचा जयराज आत कपडे इस्त्री करत होता. आयटीआय झालेला फिटर. कारखान्याच्या मिल हाऊसला तो हंगामी होता, म्हणजे गाळप सुरू झालं की बोलवायचं आणि हंगाम संपून पट्टा पडला की घरी पाठवायचं. वीरधवल त्याचा सख्खा चुलतभाऊ, वयाने बरोबरीचा. दहावीला दोघं एका बाकावर होते. पुढे वीरधवल बिघडला. जयराज कधीच बिघडला नाही, आणि आता सगळी अडचण तीच होऊन बसली होती.

भांडण मुळात नदीच्या वाळूवरून लागलं होतं. वाळू काढणाऱ्यांचे दोन गट पडले, गटांच्या टोळ्या झाल्या, पोरांच्या कमरेला गावठी कट्टे आले. दोघं मारले गेले तोवर लोक म्हणत होते, त्यांचं ते बघून घेतील. तिसरा गेला तो मात्र कुणाचाच नव्हता. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन्ही टोळ्या समोरासमोर आल्या आणि साड्यांच्या दुकानाचं शटर खाली ओढणाऱ्या अतिशय नावाच्या पोराच्या छातीत गोळी लागली. मग तालुका हलला. म्होरके तुरुंगात गेले. पण मागच्या पोरांच्या घरी अजून कट्टे होते आणि ते कुठे कुठे आहेत, हे पोलिसांना घरोघर झडत्या घेऊनही कळत नव्हतं.

तेव्हा तिघे एकत्र आले. पोलिसांनी सांगितलं, आपणहून हत्यार जमा करेल त्याच्यावर हलकं कलम लावू आणि चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडू. सांगलीच्या एका संस्थेने सांगितलं, पोरांचं समुपदेशन आम्ही करू. कारखान्याने सांगितलं, नोकऱ्या आम्ही देऊ. सहा महिने बघू, नीट राहिला तर कायम. योजनेचं नाव ठेवलं 'नवी वाट'. अट एकच होती, हत्यार आणल्याशिवाय नाव नोंदवून घ्यायचं नाही. नाहीतर कुणीही उठून येईल, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

वीरधवल पहिल्या तुकडीत गेला. दोन कट्टे दिले. सहा महिन्यांत कायम झाला.

बनुबाईने जयराजला वाढवलं ते एकटीनेच म्हणायचं. नवरा लालासाहेब फौजेत हवालदार, सुट्टीपुरता घरी. निवृत्त होऊन आला, दोन वर्षं दारातल्या खुर्चीत बसून पेपर वाचला आणि एक दिवस पेपर वाचतानाच गेला. मागे राहिली थोडी शेती, दिराबरोबर सामाईक विहीर आणि पेन्शन. बनुबाईची स्वतःची कमाई म्हणजे फॉल लावणं. तालुक्याच्या पेठेत पद्मावती या जैन बाईचं साड्यांचं दुकान होतं. वीस वर्षं ती तिथून साड्यांचं गाठोडं आणत होती आणि फॉल लावून परत देत होती. जयराज लहान असताना दुकानाच्या गादीवर झोपायचा. पद्मावतीचा मुलगा अतिशय त्याच्या कानात चिंधीची वात घालून त्याला उठवायचा. बनुबाई तिला पद्माक्का म्हणायची.

टोळ्यांच्या दिवसांत बनुबाई पोराच्या राखणीवर होती. तो दारात गाडीला किक मारू लागला की ती चावी काढून घ्यायची. वीरधवलची शीळ ऐकू आली की सांगायची, "जयराजला ताप हाय." गणपतीच्या दिवसांत तर ती त्याला रहिमतपूरला बहिणीकडे धाडून द्यायची. अतिशय गेला त्या संध्याकाळी जयराज रहिमतपूरच्या मावशीच्या घरी मिक्सर दुरुस्त करत बसला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आला आणि पद्मावतीजवळ बसून लहान पोरासारखा रडला.

असं जपलं. आणि पोरगी दाखवायला आलेला प्रत्येक बाप पहिला प्रश्न एकच विचारायचा, "परमनंट हाय का?" कराडजवळच्या अंकिताच्या बापाने तर चहाला तोंडही लावलं नाही. "पोरगं सोन्यासारखं हाय, पर हंगामी हाय. चार महिनं सोनं आन आठ महिनं काय?" असं विचारून तो चपला घालून निघाला.

वीरधवलच्या पेढ्यांना चार दिवस झाले. मग एक दिवस संस्थेची प्राची मॅडम गावात आली असल्याचं कळलं, तशी उठून ग्रामपंचायतीत गेली. प्राची तिशीची, बोलायला गोड, खांद्याला कापडी पिशवी.

"मॅडम, ज्यानं काय केलं न्हाई त्याच्यासाठी काय हाय?"

"म्हणजे, काकू?"

"माझं पोरगं सरळ हाय. फिटर हाय. मारामारीत कवा गेलं न्हाई."

प्राचीने खुर्ची पुढे ओढली. "काकू, आमचा निधी फक्त संघर्षात सहभागी असलेल्या युवकांसाठी आहे. तुमचा मुलगा जोखमीच्या गटात येत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे ना?"

"चांगलीच हाय," बनुबाई म्हणाली. "ती पोटाला कशी लावायची त्येवढं सांगा."

प्राचीने पिशवीतून वही काढली. मग पुढच्या महिन्यात सांगलीला मोबाईल दुरुस्तीचं शिबिर आहे, त्याचा नंबर तिने दिला. बनुबाईने तो घेतला, कारण पोरगी चांगली होती आणि तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

परत येताना तिला लालासाहेबाची एक गोष्ट आठवली. तो फौजेतून शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत काँगोला गेला होता. तिथेही असंच लढणाऱ्या पोरांकडून बंदुका घ्यायचं काम होतं. बंदूक आणेल त्याला छावणीत आत घ्यायचं, घोंगडं द्यायचं, जेवण द्यायचं, सुतारकाम शिकवायचं. "एक म्हातारी नातवाला घिऊन आली," लालासाहेब जेवताना सांगायचा. "बंदूक अशी गंजल्याली की चाप हलंना. साहेब म्हनले, ही बंदूक ह्याची न्हाई. मी म्हनलं, साहेब, बंदूक कुनाची का आसंना, भूक तर ह्याचीच हाय. घेतला आत." आणि ताटावर वाकून हसायचा. बनुबाईही हसायची. त्या म्हातारीने गंजलेली बंदूक कुठून आणली असेल, कुणापुढे हात पसरला असेल, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी न जाता ती तशीच दिराच्या वस्तीवर गेली. वीरधवल म्हशीला वैरण टाकत होता.

"दोन दिलंस. तिसरं कुठं हाय?"

वीरधवलने वैरण टाकायची थांबवली नाही. "कसलं तिसरं, काकी?"

"मी काय पोलीस हाय व्हय? लहानपनी तीन गोट्या आसल्या की दोनच दाखवायचास तू."

तो हसला. काकीला काय पाहिजे ते त्याला लगेच कळलं, आणि कळल्यावर तो व्यवहारी झाला. "देतो की. घरातलंच काम हाय. फकस्त विहिरीची दिवसाची पाळी आमच्याकडं राहू दे. तुमी रातीचं पानी घ्या."

दिवसाच्या विजेवर पाणी पाजणं आणि रात्री अंधारात, साप-किरडात पाटाने फिरणं, यातला फरक बनुबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. लालासाहेबाने त्या दिवसपाळीसाठी सख्ख्या भावाशी पाच वर्षं अबोला धरला होता.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्या कट्ट्यानं कुनाचं वाईट झालंय का?"

"न्हाई. त्यो चालतच न्हाई. चालत आसता तर कुनाला दिला आसता व्हय?"

जयराजने ऐकल्यावर आधी आईच्या कपाळाला हात लावून बघितला. मग भडकला. "मी काय केलंय म्हनून शरण जाऊ? आप्पांनी सगळा जल्म वर्दीत काढला आन मी गुंड म्हनून फोटो काढून घेऊ?"

"न केल्याचं काय मिळालं ते बघितलंस की तू."

"लोक काय म्हनतील?"

"लोक आत्ता काय म्हनत्यात? लोक म्हनत्यात, हंगामी हाय."

दोन दिवस तो जेवायला बसला, पण आईकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी ताटावरून उठता उठता म्हणाला, "एका बोलीवर. सहा महिनं झालं, कायम झालो, की पद्मामावशीला जाऊन मी खरं सांगणार. बाकी जगाला काय वाटंल ते वाटू दे. तिला न्हाई."

"सांग की," बनुबाई म्हणाली. "मीच येते संगं."

पोलीस ठाण्यात कृष्णात नावाचा हवालदार टेबलाशी होता. त्याने रुमालातला कट्टा उलटासुलटा करून बघितला, चाप ओढून बघितला, मग जयराजकडे बघितलं.

"तू लालासाहेब फौजींचा न्हवं?"

"व्हय."

"कुठल्या गटात व्हतास?"

जयराज रिकाम्या रुमालाची घडी घालू लागला. दारात उभ्या बनुबाईने पदर तोंडात धरला. कृष्णातने वाट बघितली आणि शेवटी स्वतःच म्हणाला, "वीरधवलच्या गटात लिहितो. भाऊबंद हायसा." मग आवाज खाली आणून पुटपुटला, "मोठ्या साहेबांची कार्यक्रमाला तारीख मिळालीया. तुकडी भरंना झालीया. ज्यांच्याकडं खरी हायती ते येत न्हाईत, आन तुमच्यासारखी येत्यात." तो कट्टा त्याने इतर कट्ट्यांच्या ढिगात ठेवला. बनुबाईच्या लक्षात आलं की त्या ढिगातले बरेचसे तितकेच गंजलेले होते.

महिनाभर जयराज संस्थेच्या वर्गाला गेला. राग कसा आवरायचा ते त्याला शिकवलं. वर्गात सगळ्यात शांत म्हणून प्राची मॅडमने त्याचं उदाहरण दिलं.

बनुबाईने सगळा विचार केला होता, फक्त फ्लेक्सचा केला नव्हता. एसटी स्टँडवर, पेठेच्या तोंडाला आणि कारखान्याच्या गेटवर एकाच दिवशी फ्लेक्स लागले. वर पुढाऱ्यांचे मोठे फोटो, खाली पोरांचे लहान, आणि मधे लिहिलेलं: हिंसेचा मार्ग सोडून मुख्य प्रवाहात आलेल्या युवकांचे हार्दिक अभिनंदन. जयराजचा आयटीआयच्या ओळखपत्रावरचा फोटो होता, मिशी न फुटलेला. स्टँडवर भाजी विकणारी बाई म्हणाली, "बनुबाई, तुमचा बी व्हता व्हय गं त्यात? तोंडावरनं वाटत न्हाई." बनुबाई म्हणाली, "तोंडावरनं काय कळतंय?" आणि भाजी न घेताच एसटीत चढली.

त्याच आठवड्यात अंकिताच्या बापाचा फोन आला. बनुबाईला वाटलं, नकार पुन्हा सांगायला केलाय. पण माणूस खुशीत होता. "बघितला फ्लेक्स. आमच्या बांधाला शेजारी लय तरास देतोय. जरा वचक असलेला जावई आसला तर बरंच हाय की. आन नोकरी बी कायम व्हनार." बनुबाईने "व्हय, व्हय" केलं. फोन ठेवल्यावर तिला हसावं की काय करावं ते कळेना.

कार्यक्रम मंगल कार्यालयात झाला. आपल्याकडे कुणाला पकडून आणलं तरी आधी फेटा बांधतात. पोरांना भगवे फेटे बांधले, शाल दिली, नारळ दिला, कारखान्याचं नेमणुकीचं पत्र दिलं. आयांना पुढच्या रांगेत बसवलं. मग निवेदक म्हणाला की आता ज्यांच्या घरातलं माणूस या संघर्षात गेलं, त्यांच्या हस्ते या युवकांना आंब्याचं रोप देण्यात येईल, मनं जोडण्याचं प्रतीक म्हणून. पडद्यामागून प्राची मॅडम पद्मावतीला हाताला धरून घेऊन आली.

बनुबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. फ्लेक्स लागल्यापासून ती पेठेत फिरकली नव्हती. साड्या झालेल्या होत्या, गाठोडं तसंच कोपऱ्यात पडलं होतं. पद्मावती पेठेच्या बाहेर पडत नाही, चष्म्याशिवाय तिला बोर्ड वाचता येत नाही, असलं काहीतरी स्वतःला सांगून तिने दिवस ढकलले होते.

पद्मावतीने चार पोरांना रोपं दिली, मान खाली घालून, कुणाच्या तोंडाकडे न बघता. पाचव्याचं नाव निवेदकाने पुकारलं. तिने मान वर केली. फेट्याखालचं तोंड बघितलं. रोप धरलेला हात पुढे आला होता तिथेच थांबला.

"मॅडम, इकडं बघा," फोटोग्राफर म्हणाला.

जयराज पाया पडायला वाकला. पद्मावती एक पाऊल मागे सरली, आणि त्याचे हात सतरंजीला लागले. रोप प्राचीने तिच्या हातातून घेऊन त्याच्या हातात दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बनुबाईच्या शेजारची आई म्हणाली, "वाजवा की वो टाळ्या, तुमचाच हाय न्हवं?"

चार दिवसांनी बनुबाई गाठोडं घेऊन दुकानात गेली. न जाऊन चालणार नव्हतं. न गेली असती तरी ते एक उत्तरच झालं असतं. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. पद्मावतीने नोकराला चहा सांगायला पाठवलं आणि गादीवर तिच्या समोर बसली. तिचा आवाज नेहमीसारखा होता, तेच बनुबाईला सोसवेना.

"मी तुला दोष देत नाही, बनू. पोरं कुठं जातात ते आयांना कुठं कळतंय? माझा तर शटर लावायला गेला होता." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसून रडला जयराज. त्याच्या पोटात होतं ते सगळं, आणि मी त्यालाच पाठीवरनं हात फिरवत होते."

"पद्माक्का..."

"मला एवढंच सांग. तो तिथं होता ना? मला दुसरं काही नको. पोलीस सांगतात जागेवर गेला. डॉक्टर सांगतात थोडा वेळ जीव होता. मला खरं सांगणारं कुणीच नाही. जयराज होता तर त्यानं बघितलं असणार. काही बोलला का गं अतिशय?"

बनुबाईला खरं सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं, की अक्का, तो रहिमतपूरला होता, मिक्सर दुरुस्त करत होता. पण नोकरीला लागून चार दिवस झाले होते. संस्थेने गेलेल्यांच्या घरच्यांची समिती केली होती, तीत हीच पद्मावती होती, दर महिन्याला प्राची मॅडम तिच्याकडे येऊन बसायची. तोंडातून गेलेला शब्द कारखान्यापर्यंत जायला वेळ लागला नसता. शिवाय मग कट्टा कुठला, हेही आलंच. अंकिताच्या बापाने साखरपुड्याला हॉल बघितला होता. सहा महिने, फक्त सहा महिने गप्प राहायचं होतं. आणि समोर एक आई बसली होती, तिला दोन शब्दांचा आधार हवा होता. तो देणं काही पाप नाही, असं बनुबाईला त्या क्षणी वाटलं.

"व्हता," ती म्हणाली. "माझ्याजवळ लय बोलत न्हाई त्यो. पर म्हनत व्हता, अतिशयला तरास झाला न्हाई. ह्यानं मांडीवर डोकं घेतलं. पानी पाजलं. दोन घोट पिला आन शांत झाला."

पद्मावती गादीवरून पुढे सरकली.

"पाणी?"

"व्हय. जाताना तोंड कोरडं राहिलं न्हाई."

"त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, बनू," पद्मावती हळू म्हणाली. "आमच्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. त्याचा निर्जल उपवास होता. दहा दिवस एक वेळच जेवत होता पोरगा, आणि त्या दिवशी तर थेंब पण नाही. माझी एवढीच समजूत होती गं. गेला तर गेला, पण व्रतात गेला." तिने बनुबाईचं मनगट धरलं. "त्यानं मागितलं पाणी?"

वीस वर्षं या घरात येऊन बनुबाईला ते ठाऊक असायला हवं होतं. त्या दहा दिवसांत दुकानातली चहाची किटली बंद असते, हे तिला ठाऊक होतंच. पण आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात, आणि तिच्या तोंडून तेच आलं. आता मागितलं म्हणावं तर अतिशयने व्रत मोडलं. नाही म्हणावं तर जयराजने मोडलं. खोटं होतं म्हणावं, तर सगळंच गेलं.

"मागितलं न्हाई," ती म्हणाली. "जयराजनंच ओतलं. त्येला काय ठावं?"

पद्मावतीने मनगट सोडलं. तिने गाठोडं सोडून साड्या मोजल्याशिवायच बाजूला सारल्या. मागच्या फळीवर फॉल लावायच्या नव्या साड्यांचा ढीग होता. बनुबाईने तो बघितला, आणि पद्मावतीनेही तिला तो बघताना बघितलं.

"सध्या काम नाही," पद्मावती म्हणाली. "लागलं तर निरोप देते."

नोकर चहा घेऊन आला तेव्हा बनुबाई पायऱ्या उतरली होती.

संध्याकाळी जयराज पहिली पाळी करून आला. कारखान्याचा खाकी शर्ट खुंटीला लावत त्याने विचारलं, "नेहमीचं गाठोडं बी न्हाई दिलं मावशीनं? लय रागात हाय?"

"राग न्हाई."

"मग झालं. पाच महिनं आन सव्वीस दिवस. जाऊन पाय धरतो आन सगळं सांगतो."

"तू न्हाई जायचं," बनुबाई म्हणाली. ती चुलीपुढे होती, तोंड विस्तवाकडे होतं. "मी सांगून आलेय, तू व्हतास म्हनून. त्येला पानी पाजलंस म्हनून. आता खरं सांगितलंस तर तिला कळंल, मी तिच्या मेलेल्या पोरावरनं खोटं बोलले. त्यापरीस तू ऱ्हा की वाईट."

जयराजने खुंटीवरचा शर्ट सरळ केला. मग त्याने ताट घेतलं, स्वतःच भाकरी वाढून घेतली आणि दाराबाहेर, बापाच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसून जेवला.

सहा महिन्यांनी तो कायम झाला. लग्न झालं, अंकिता घरात आली. विहिरीवर रात्रीचं पाणी धरायला आता बनुबाईच जाते. जयराजची कारखान्यात पाळी असते, आणि नसली तरी तो आईला विचारत नाही. अंकिताला बाहेर कुणी सांगितलं होतं की नवरा आधी टोळीत होता, तिने एकदा सासूला विचारलं, खरं का हो. बनुबाई म्हणाली, "व्हय. पर आता सुधारलाय."